कर्जमाफीचे वर्ष आणि हिल्लेलचा कागद



आव महिना सरता सरता आणि एलूलमध्ये आपण दबारीम ग्रंथातील जे पराशे वाचतो, त्यांत सणवार आणि नवसांबरोबर उसनवारीचे व गहाणाचे नियमही येतात. काहींना वाटते, देवाच्या ग्रंथात सावकारी कशाला? पण तोरा बाजार आणि सिनेगॉग यांच्यामध्ये भिंत घालीत नाही. सावकाराने गहाण आणण्यासाठी ऋणकोच्या घरात शिरू नये, बाहेर उभे राहावे. गरिबाचे पांघरूण रात्रीपूर्वी परत द्यावे. जाते गहाण घेऊ नये, त्याची नुसती वरची तळीसुद्धा नाही. ज्यांचे वाडवडील कुलाबा जिल्ह्यात शनवार तेली म्हणून घाणा चालवीत होते, त्यांना हा नियम समजावून सांगायला नको. घाणा गेला की तेली मजूर होतो. मग कर्ज फेडणार कशातून?

याच ग्रंथाच्या १५ व्या अध्यायात मोठी आज्ञा आहे: दर सातव्या वर्षाच्या अखेरीस आपले येणे सोडून द्यावे. ५७८२ चे शेमिट्टा वर्ष सप्टेंबर २०२२ मध्ये संपले, पुढचे ५७८९ चे सप्टेंबर २०२९ मध्ये संपेल. सातवे वर्ष जवळ आले म्हणून मूठ आवळू नका, असेही मोशे रब्बेनू बजावतात. पण माणसाने मूठ आवळलीच. सुमारे दोन हजार वर्षांपूर्वी हिल्लेलने पाहिले की लोक कर्जच देईनासे झाले आहेत. तेव्हा त्याने प्रोझबूल नावाचा कागद काढला. धनको आपले येणे बेथ दीनच्या स्वाधीन करतो, आणि न्यायसभेच्या हाती गेलेले येणे बुडत नाही. काहीजण याला पळवाट म्हणतात. तलमूदात शमुएलालाही तो कागद पसंत नव्हता. मला मात्र हिल्लेल ज्याला पेरणीपुरते बी कोणी देत नाही, त्याच्या दाराशी उभा दिसतो. शिवाय ऋणकोकडे थोडी तरी जमीन असल्याशिवाय प्रोझबूल लिहिता येत नसे. नसेल तर धनकोने आपल्यातली तसूभर त्याला द्यावी, असे मिश्नात आहे.

याची उलटी बाजू आपल्या जुन्या मुलखात घडली. १८५९ च्या मुदतीच्या कायद्याने साध्या कर्जरोख्यावर तीन वर्षांनंतर दावा चालेना. हेतू ऋणकोला वाचविण्याचा. सावकाराने काय केले? दर तीन वर्षांनी थकलेले व्याज मुद्दलात घालून नवा रोखा लिहून घेतला. कुणब्याला अक्षर येत नव्हते, कोर्ट दूर, निकाल बहुधा एकतर्फी. शेवटी १२ मे १८७५ रोजी पुणे जिल्ह्यात सुपे येथे लोक सावकारांवर उठले. गावोगाव त्यांना हवे होते ते रोख्यांचे कागद, आणि ते त्यांनी जाळले. १८७९ चा दख्खन शेतकरी कायदा त्यानंतर आला. आता न्यायाधीशाला रोख्यामागचा मूळ हिशेब पाहता येऊ लागला. सरकारला इतके सुचायला आधी आग लागावी लागली.

नहेम्याच्या काळी आग लागली नाही, कारण त्याने गाऱ्हाणे ऐकले. राजाचा कर भरण्यासाठी लोकांनी शेते गहाण टाकली होती, पोटची मुले दास्यात दिली होती. त्याने बड्या लोकांना मोठ्या सभेपुढे उभे केले, स्वतःचे येणेही सोडले, आणि याजकांसमोर सर्वांकडून शपथ घेतली. सभेपुढे! खासगीत विनवणी करून हे झाले नसते. आपल्या विवाहांवरील अन्यायकारक नियम १९६४ साली बदलले, तेही आपले लोक यरुशलेमेत धरणे धरून बसले आणि प्रश्न क्नेसेटपुढे गेला तेव्हाच.

आज इस्रायलमध्ये २०१८ चा दिवाळखोरी व आर्थिक पुनर्वसनाचा कायदा आहे, सप्टेंबर २०१९ पासून लागू. प्रामाणिक ऋणकोला ठरावीक काळ हप्ते भरून उरलेल्या कर्जातून सुटका मागता येते. तरी आपल्यातले किती जण लाजेने गप्प बसतात! मुलीच्या लग्नाचे कर्ज, भावाला राहिलेला जामीन, शेजाऱ्याला कळू नये म्हणून न उघडलेली पाकिटे. घरात असे पाकीट असेल तर आधी ते उघडा, आणि ऐपत नसेल तर न्याय खात्याच्या कायदेशीर मदत कचेरीत चौकशी करा. हिब्रू वाचताना अडत असेल तर शब्बाथनंतर सिनेगॉगमधल्या एखाद्या तरुणाला सोबत घ्या. आणि तरुणांनो, कोणी असे विचारले तर पाकिटावरचे नाव बाहेर बोलू नका.