पुढच्या वर्षीचं बी

पाऊस तोंडावर आला की परसबागेसाठी बियाणं आणायची घाई होते. दुकानातलं संकरित बियाणं वाईट असतं असं मुळीच नाही. दोन निवडक वाणांच्या संकराची पहिली पिढी जोमदार येते, फळं एकसारखी लागतात. अडचण पुढच्या वर्षी. त्याच फळातलं बी पेरलं, तर एका झाडात आईचे गुण, दुसऱ्यात बापाचे, तिसऱ्यात कुणाचेच नाहीत! म्हणजे पुन्हा दुकान.

सरळ, म्हणजे संकर न केलेल्या वाणाचं तसं नसतं; त्याचं बी पेरलं की तेच गुण पुन्हा येतात. अकोले तालुक्यातल्या कोंभाळणे गावच्या राहीबाई पोपेरे यांनी असं गावरान बियाणं जपलं. २०२० साली त्यांना पद्मश्री जाहीर झाली. घरच्या भाजीपुरती बाग असेल, तर मी त्यांचीच वाट धरीन. हौसेखातर एखादी ओळ संकरित टोमॅटोची असली, तरी बिघडत नाही.

बी धरायला वाल, घेवड्यापासून सुरुवात करावी. त्यांचं परागीभवन बहुधा फुलातल्या फुलातच होतं. काकडी, भोपळ्याचं काम मधमाश्यांकडे. शेजारी वेगळा वाण असेल, तर बी भेसळीचं निघतं. मग आदल्या संध्याकाळी नर आणि मादी कळ्या दोऱ्यानं बांधाव्यात, सकाळी हातानं पराग लावून मादी फूल पुन्हा बांधावं. सगळ्यात अवघड एकच: वेलीवरचं उत्तम फळ भाजीत न घालता पिकू देणं.

बी सावलीत वाळवून, राखेत घोळवून बरणीत भरा. वर वाणाचं नाव आणि साल लिहा.