स्तन्याभिलाष आणि बाटली

अंगावर पिणारे बाळ भुकेने रडत असते, आईचेच दूध काढून बाटलीत भरलेले असते आणि तरी ते तोंड फिरवते. भूक खरी, दूध तेच, नकारही ठाम. मग बाळाला नेमके हवे काय असते? भारतीय तत्त्वचिंतनात हा प्रश्न फार जुना आहे, कारण तान्ह्या बाळाच्या दूध पिण्यावर न्यायदर्शनाने आत्म्याच्या नित्यतेचा एक पुरावाच उभा केला आहे. बाटली नाकारणारे बाळ त्या पुराव्याची कसून परीक्षा घेते.

गौतमाच्या न्यायसूत्रांत तिसऱ्या अध्यायाच्या पहिल्या आह्निकात हा युक्तिवाद येतो. नुकतेच जन्मलेले मूल स्तनाकडे वळते. म्हणजे त्याला दुधाची इच्छा आहे. एखाद्या वस्तूने भूक भागते हे पूर्वी अनुभवलेले असेल तरच तिची इच्छा होते, आणि या जन्मात तर त्याने अजून एक घोटही घेतलेला नाही. म्हणून तो अनुभव आधीच्या जन्मातला, आणि तो घेणारा आत्मा देहाबरोबर न संपणारा. या इच्छेला स्तन्याभिलाष असे नाव आहे. चरकसंहितेच्या सूत्रस्थानातही पुनर्जन्माची चर्चा करताना हाच दाखला दिला आहे: कोणी न शिकवता बाळ रडते, हसते, दचकते, दूध पिते.

न्यायसूत्रांची शोभा अशी की प्रतिपक्षाचे म्हणणेही त्यांनी नीट नोंदवून ठेवले आहे. लोखंड लोहचुंबकाकडे जाते, त्याला कुठला पूर्वजन्म? तसेच मूल स्तनाकडे जाते, एवढेच. यावर न्यायाचे उत्तर असे की लोखंड चुंबकाकडेच जाते, दुसरीकडे जात नाही, आणि मातीचे ढेकूळ चुंबकाकडे जात नाही. हा नियम आहे, आणि जिथे नियम तिथे कारण असलेच पाहिजे. बाळाच्या बाबतीत ते कारण आहाराचा जुना अभ्यास, म्हणजे वारंवार घेतलेला अनुभव, हेच होय.

सतराव्या शतकात विश्वनाथ पंचाननाने न्यायसिद्धान्तमुक्तावलीत हा विचार आणखी बारकाईने मांडला. कोणतीही कृती प्रयत्नातून होते, प्रयत्न इच्छेतून, आणि इच्छा ‘हे माझ्या इष्टाचे साधन आहे’ या ज्ञानातून. या ज्ञानाला इष्टसाधनताज्ञान म्हणतात. तान्हे मूल दूध ओढते, तेव्हा ते ज्ञान त्याला स्मरणाने झालेले असते. मग मागच्या जन्मातले बाकी काहीच त्याला का आठवत नाही? विश्वनाथाच्या मते संस्कार, म्हणजे जुन्या अनुभवाचा मनावरचा ठसा, जागा व्हायला काहीतरी उद्बोधक, म्हणजे तो जागवणारे निमित्त, लागतो. इतर गोष्टींना तो मिळत नाही. दुधाच्या बाबतीत मात्र बाळाला जगवणारे अदृष्टच, म्हणजे पूर्वकर्माचे न दिसणारे बळच, ते काम करते.

आता बाळाकडे पाहावे. गर्भातच मूल अंगठा चोखते, गर्भजल गिळते. चोखणे, गिळणे आणि श्वास घेणे यांचा मेळ साधारण चौतिसाव्या आठवड्याच्या सुमारास बसतो. जन्मल्यावर गालाला बोट लागले की मान तिकडे वळते, तोंड उघडते; ओठांत काहीही आले की जीभ ओढू लागते. ते काहीही म्हणजे खरोखरच काहीही: आईचा स्तन, सुईणीचे बोट, दुपट्याचे टोक, रबरी निपल. इथे न्यायाचा युक्तिवाद अडखळतो. रबरी निपलचा अनुभव मागच्या जन्मी मिळाला होता असे कोणी म्हणणार नाही. पण पहिल्या दिवशीचे बाळ तेही निमूटपणे ओढते. ‘हे माझ्या इष्टाचे साधन’ असा निवाडा त्याने केलेला असता, तर त्याने निवडही केली असती. म्हणजे पहिल्या दिवसापुरते पाहिले तर प्रतिपक्षाचा चुंबकच खरा ठरताना दिसतो.

निवड मात्र लवकर सुरू होते. आईचा आवाज जन्मल्यापासूनच ओळखीचा असतो, कारण तो पोटात असताना कानी पडलेला असतो. वासाची ओळखही लवकरच होते. १९७५ मध्ये एडन मॅकफार्लेन यांनी बाळाच्या एका बाजूला त्याच्या आईच्या दुधाने भिजलेली कापडी घडी आणि दुसऱ्या बाजूला परक्या बाईची ठेवून पाहिली. सहा दिवसांच्या आसपासची बाळे आपल्या आईच्या घडीकडे अधिक वळली. तीन-चार महिन्यांपर्यंत चोखण्याची आपोआप होणारी क्रिया मागे पडते आणि बाळ आपल्या मर्जीने ओढू लागते. म्हणूनच चार-सहा आठवड्यांचे, अंगावर नीट पिऊ लागलेले बाळ बाटली बऱ्याचदा सहज घेते, आणि चार महिन्यांचे तेच बाळ अडून बसते.

हा नकार जवळून पाहण्यासारखा असतो. निपल ओठांना लागते, बाळ तोंड उघडते, जिभेने ते चाचपते. क्षणभर थांबते. कपाळाला बारीक आठी पडते. मग जीभ निपल बाहेर ढकलते, दुधाचा एक ओघळ हनुवटीवरून मानेच्या वळीत जातो, आणि डोळे दाराकडे लागतात. यात भूक नाही असे नाही, दुधाची चव परकी आहे असेही नाही. ‘हे माझ्या इष्टाचे साधन’ हे ज्ञान तेवढे नाही. विश्वनाथाची साखळी नवजात बाळापेक्षा चार महिन्यांच्या बाळाला कितीतरी चपखल बसते. मात्र ज्या अभ्यासातून ते ज्ञान घडले, तो मागच्या जन्मातला नाही. याच जन्मातल्या शे-सव्वाशे दिवसांचा, रोजच्या आठ-दहा वेळच्या पाजण्याचा आहे. न्यायदर्शनाचे कृतीचे विश्लेषण अचूक आहे, पण त्यासाठी निवडलेले उदाहरण चार महिने आधीचे आहे, असे म्हणावे लागते. चुंबकाला दिलेले उत्तर मात्र इतक्याने खोटे पडत नाही. ओढण्याची क्रिया जन्मतः तयार का असते, याला कारण हवेच. आजचे जीवशास्त्र ते कारण एका जिवाच्या पूर्वजन्मात न शोधता पिढ्यान्‌पिढ्या टिकून राहिलेल्या देहरचनेत शोधते. पण कारणाशिवाय नियम नाही, हा गौतमाचा आग्रह त्यालाही मान्यच आहे.

बाटलीची सवय लावणे म्हणजे हे नवे ज्ञान घडवणे. अनुभवी आज्या आणि परिचारिका जे सांगतात ते या चौकटीत सरळ बसते. बाळ भुकेने कासावीस झाले असताना बाटली पुढे करू नये. त्या वेळी त्याला फक्त ओळखीचे साधन सुचते. थोडी भूक असावी, मन शांत असावे. पाजणारी व्यक्ती आईखेरीज दुसरी असलेली बरी, आणि आई खोलीतही नसावी, कारण तिचा वास आणि आवाज हे जुन्या संस्काराचे उद्बोधकच आहेत. निपल कोमट पाण्यात धरून ऊबदार करावे, धार मंद असलेले घ्यावे. अंगावर पिताना दूध उतरायला थोडा वेळ लागतो आणि मध्ये विसावा मिळतो. बाटलीतून ते एकदम घशात आले की बाळ ठसकते. म्हणून बाळाला जरा उभे धरावे, बाटली आडवी ठेवावी, मध्ये मध्ये थांबावे. निपल तोंडात कोंबू नये. ओठांशी टेकवावे आणि ते बाळाने स्वतः आत घेईपर्यंत वाट पाहावी. त्याने नाही म्हटले तर थोड्या वेळाने, नाहीतर दुसऱ्या दिवशी पुन्हा. अभ्यास हा शब्द न्यायसूत्रांत याच अर्थाने आहे: पुन्हा पुन्हा.

जबरदस्ती का चालत नाही, याचेही उत्तर त्याच शास्त्रात आहे. ‘हे माझ्या अनिष्टाचे साधन’ या ज्ञानातून द्वेष उपजतो आणि द्वेषातून निवृत्ती. डोके धरून, नाक दाबून पाजलेला एक घोट पोटात जातो, पण त्याबरोबर हेच उलटे ज्ञान मनात रुजते, आणि पुढच्या वेळी बाटली दिसताच बाळ कमानीसारखे मागे वाकते. चार महिन्यांच्या जिवाला शब्द नसला तरी मत असते, आणि त्याचे मन वळवायचे तर मोठ्या माणसासारखेच अनुभवाने वळवावे लागते. हातात ताकद आहे म्हणून ती तान्ह्या तोंडावर वापरणे हा अन्यायच आहे, मग हेतू पोट भरण्याचा का असेना.

बाटलीच हवी असेही नाही. महाराष्ट्रातल्या घरांत चांदीचे नाहीतर पितळेचे बोंडले असे, शिंपल्याने पाजत, आणि वाटी-चमचा तर आजही आहे. निपलच्या खाचाखोचांत दूध साचून जंतू वाढतात. म्हणून जागतिक आरोग्य संघटनाही बाटलीपेक्षा कप किंवा चमच्याने पाजणे पसंत करते, आणि भारतात १९९२ च्या कायद्याने बाटल्यांच्या जाहिरातीला बंदी आहे. वाटी-चमच्याची जमेची बाजू अशी की त्याचे स्तनाशी काहीच साम्य नाही. बाटली स्तनाची नक्कल करू पाहते म्हणून बाळ तिची तुलना करते. चमच्याशी तुलनाच होत नाही.

प्रसूती रजेच्या कायद्यातल्या २०१७ च्या दुरुस्तीनंतर नोकरदार आईला पहिल्या दोन अपत्यांसाठी सव्वीस आठवड्यांची पगारी रजा आहे. ती संपून आई कामावर रुजू होते, तोपर्यंत बरीच बाळे आजीच्या किंवा पाळणाघरातल्या ताईंच्या हातून बाटली घेऊ लागलेली असतात. काही मात्र दिवसभर नावापुरतेच पितात. त्यांचे वजन वाढते आहे ना, लघवी नेहमीइतकी होते आहे ना, हे पाहून डॉक्टर सहसा निर्धास्त राहायला सांगतात. संध्याकाळी चप्पल काढल्याचा आवाज येतो, बाळ मान वळवते, आणि मग रात्रभर दर दोन तासांनी उठून ते दिवसाचे राहिलेले सगळे आईच्या अंगावर भरून काढते.