खरा वारा, खोटे विमान

घरच्या संगणकावर विमान चालविण्याचा खेळ मायक्रोसॉफ्टने १९८२ साली काढला, तेव्हा त्यातले शिकागो म्हणजे पडद्यावरच्या काही रेघाच. ऑगस्ट २०२० च्या आवृत्तीत उपग्रहाने टिपलेली जमीन आली आणि त्या त्या घटकेचे खरे हवामानही. या खरेपणाचीही गंमत असते. मेलबर्नच्या एका उपनगरातील घराला कुणी नकाशात २ ऐवजी २१२ मजले लिहिले. खेळात तिथे मनोरा उभा राहिला!

माझे मन अडते ते दुसरीकडे. त्याच महिन्याच्या २७ तारखेला लॉरा हे चक्रीवादळ अमेरिकेत लुईझियानाच्या किनाऱ्यावर आदळले. ते येत असता कित्येक खेळाडू हौसेने आपली विमाने त्याच्या डोळ्यात नेत होते. ढग खरे, वारा खरा. घरदार सोडून निघालेली माणसे मात्र त्या चित्रात नव्हती.

याला पाप म्हणावे काय? पाहण्याची हौस मी पाप मानीत नाही. वादळात खरे विमान घालणारे वैमानिकही तिकडे आहेत. पण त्यांनी मोजलेला वारा खालच्या लोकांना इशारा म्हणून पोचतो. खेळणारा नुसता घेतो.

मुले म्हणतील, "सर, वर्तमानपत्रातली वादळाची छायाचित्रे तुम्हीही चहा पिता पिता पाहताच की!" पाहतो. पण बातमीत गावाचे नाव असते, मृतांचा आकडा असतो. लेक चार्ल्समधल्या उंच इमारतीच्या काचा त्या रात्री फुटल्या. खेळात त्याच गावावरून जाणाऱ्याला एकही खिडकी फुटलेली दिसली नाही.