त्यांना सांगू नका

१९८४ साली व्हिएतनाममध्ये एक कृष्णधवल सिनेमा आला. त्याच्या नावाचं मराठी करायचं तर 'दहावा महिना कधी येईल' असं होईल. दहावा म्हणजे त्यांच्या चांद्र पंचांगातला, भाताच्या सुगीचा. दिग्दर्शक डांग न्यात मिन. गोष्ट छोटी आहे. झुएन नावाची सून सैन्यातल्या नवऱ्याची खबर घ्यायला जाते आणि तो सीमेवर मारला गेल्याचं कळून परत येते. घरी लहान मुलगा आहे, आजारी सासरे आहेत. सासऱ्यांना हे सोसणार नाही म्हणून ती ठरवते, सांगायचंच नाही. गावातल्या खांग मास्तरांना ती गळ घालते की नवऱ्याच्या नावाने पत्रं लिहा. मास्तर लिहितात. पत्र आलं की म्हातारा सुखावतो. आणि झुएन त्याच घरात, त्याच्यासमोर, नवरा जिवंत असल्यासारखी वावरत राहते.

व्हिएतनाम म्हटलं की आपल्याला अमेरिकी सिनेमातली हेलिकॉप्टरं आणि पेटलेली जंगलं आठवतात. इथे रणांगण जवळजवळ नाहीच. आहे ते नदी, शेत, शाळा आणि एक घर. दिग्दर्शकाला युद्ध ऐकून माहीत होतं असंही नाही. त्याचे वडील डांग व्हान न्गु हे डॉक्टर होते आणि मलेरियावर संशोधन करत असताना १९६७ मध्ये अमेरिकी बॉम्बहल्ल्यात गेले. तरी त्याने कॅमेरा लावला तो बातमी घरी पोचल्यानंतर काय होतं, यावर.

सिनेमा पाहून मला प्रश्न पडला, झुएनचं बरोबर होतं का? आणि लक्षात आलं की हा प्रश्न व्हिएतनामचा कमी आणि आपलाच जास्त आहे. 'त्यांना सांगू नका' हे वाक्य न ऐकलेलं मराठी घर क्वचितच असेल. आजोबांना कॅन्सर आहे, पण त्यांना अल्सर सांगितलाय. मुलाची नोकरी गेलीय, पण आई बीपीची पेशंट आहे. आपण याला खोटं बोलणं म्हणत नाही, काळजी घेणं म्हणतो.

आमच्या घरी, भोर तालुक्यातल्या शिवऱ्यात, हे २०२१ मध्ये झालं. आजीचा धाकटा भाऊ तरुणपणी गिरणीत कामाला म्हणून मुंबईला गेला तो तिकडचाच झाला. एप्रिलमध्ये तो कोरोनाने गेला. आजी तेव्हा नुकती न्यूमोनियातून उठली होती. काका आणि आत्याने फोनवर ठरवलं की इतक्यात सांगायचं नको. मग 'इतक्यात'चे महिने झाले. भाऊ बरा आहे, पण घसा बसलाय, बोलता येत नाही, हे आजीला रोज कोण सांगणार? काका पुण्यात, आत्या साताऱ्याला. घरात आई होती.

ऑगस्टमध्ये आजीने राखी आणायला लावली आणि पाकिटात घालून आईच्या हातात दिली. आईने ती कपाटात, साड्यांच्या घडीत ठेवली. चार दिवसांनी आजीने विचारलं, "पोचली का गं राखी?" आई म्हणाली, "पोचली, आत्या." बास. तेवढंच संभाषण. नंतर आई मागच्या पडवीत भांडी घासत बराच वेळ बसून होती.

दिवाळीत भाऊबीजेला संध्याकाळी आजी कुणाला न सांगता निरांजन घेऊन अंगणात गेली आणि पश्चिमेला डोंगरावर टेकलेल्या कोरीला ओवाळून आली. भाऊ नसलेल्या बाईने चंद्राला ओवाळायचं असतं. त्यानंतर तिने भावाबद्दल पुन्हा विचारलं नाही आणि आम्हीही काही बोललो नाही.

ती कोणापाशी किती रडली असेल, हे मला माहीत नाही. पण तिला एकटीने रडावं लागलं एवढं नक्की. आम्ही तिचं दुःख वाचवलं नव्हतं. तिच्याकडून आम्ही काढून घेतलं होतं ते सुतक, दहाव्याला मुंबईला जाणं, शेजारणींनी येऊन जवळ बसणं. आणि आईच्या अंगावर एक काम टाकलं होतं, जे वाटून घ्यायला कोणी नव्हतं.

झुएनचंही हेच होतं. गावातल्या नाटकात तिला लढाईवर निघालेल्या नवऱ्याला निरोप देणाऱ्या बायकोची भूमिका करावी लागते आणि तिथे तिचा बांध फुटतो. विधवा असून तिला विधवेचं दुःख करता येत नाही. मास्तरांशी तिचं वाढतं बोलणं पाहून गाव कुजबुजायला लागतं. खरं सांगून स्वतःला सोडवावं तर म्हातारा मरेल. एका माणसाला वाचवायला बोललेलं खोटं तिचा आणि एका भल्या मास्तराचा बळी मागतं.

खोट्याची आपली सगळ्यात प्रसिद्ध गोष्टही बापाला दिलेल्या मुलाच्या मरणाच्या बातमीचीच आहे. 'नरो वा कुंजरो वा' म्हणत युधिष्ठिराने द्रोणाचार्यांना फसवलं आणि जमिनीच्या वर चालणारा त्याचा रथ खाली टेकला. तिथे जिवंत मुलाला मेलेला म्हटलं, बापाला संपवण्यासाठी. झुएन मेलेल्याला जिवंत म्हणते, बापाला जगवण्यासाठी. हेतू पाहिला तर दोन्हींत जमीन-अस्मानाचा फरक. पण ऐकणाऱ्याच्या जागी बसून पाहिलं तर दोन्हीकडे एक गोष्ट सारखी आहे: बापाला आपल्या मुलाबद्दल काय माहीत असावं, हे दुसऱ्याच कोणीतरी ठरवलं.

याच्या उलट टोकाला आपला 'श्वास' आहे. संदीप सावंत यांचा हा सिनेमा २००४ साली आला. कोकणातल्या परश्याला डोळ्यांचा कॅन्सर आहे, जीव वाचवायचा तर डोळे काढावे लागणार. डॉक्टरांचा आग्रह की ऑपरेशनआधी मुलाला खरं सांगितलंच पाहिजे. आजोबांच्या तोंडून शब्द निघत नाही. हा आग्रह सुरुवातीला क्रूर वाटतो. मग ऑपरेशन लांबतं आणि आजोबा नातवाला घेऊन दवाखान्यातून गायब होतात. डोळे आहेत तोवर त्याला जग दाखवून आणतात. तो दिवस मला त्या सत्याची कमाई वाटते. उद्या अंधार आहे हे घरात उघडपणे बोललं गेलं, म्हणून आज बघून घेता आलं.

मग सगळं सगळ्यांना तडक सांगून टाकावं का? तसंही मला वाटत नाही. पानिपतच्या पराभवाची बातमी दक्षिणेत आली ती सावकारी सांकेतिक भाषेत: मोती गळाले, मोहरा हरवल्या, खुर्द्याची तर मोजदादच नाही. सत्य होतं, पण आडपडदा ठेवून आलेलं. वाचणाऱ्याला अर्थ लावायला क्षणभर मिळत होता. तरी नानासाहेब पेशवे त्याच वर्षी, जूनमध्ये गेले. आणि सदाशिवरावभाऊंच्या पत्नी पार्वतीबाईंनी भाऊंचा मृत्यू मानलाच नाही. १७८३ मध्ये मरेपर्यंत त्यांनी सौभाग्यलेणं उतरवलं नाही. भाऊंचा तोतया उभा राहिला, १७७६ मध्ये त्याला देहदंड झाला, तरी त्यांचा निश्चय ढळला नाही. त्यांच्यात आणि झुएनच्या सासऱ्यात मोठा फरक आहे. पार्वतीबाईंना खबर मिळाली होती. ती नाकारायची की नाही, हे त्यांचं त्यांनी ठरवलं.

आमच्या भागात इतिहास पावलोपावली आहे. चेलाडी फाट्यावरून आत वळलं की राजगडाची वाट. बाजीप्रभू आणि बांदलांचे मावळे हिरडस मावळातले, म्हणजे भोरकडचेच. १६६०च्या जुलैत घोडखिंडीत ते पडले. 'पावनखिंड' पाहताना थिएटरात माझ्याही अंगावर काटा आला. पण त्या पावसाळ्यात, भातलावणीच्या दिवसांत, मावळातल्या एकेका घरी बातमी कशी पोचली असेल? कोणत्या सुनेने ती किती दिवस पोटात ठेवली असेल? आपल्या सिनेमाचा कळस खिंडीत होतो. व्हिएतनामच्या त्या सिनेमाने खिंडीनंतरचं घर दाखवलं, म्हणून इतक्या लांबची ती झुएन मला मावळातली वाटली.

त्या सिनेमात एक बाजार आहे. सातव्या महिन्याच्या पौर्णिमेला तिथे जिवंत आणि मेलेली माणसं भेटतात, अशी श्रद्धा. झुएनला तिथे नवरा भेटतो. आपल्या पितृपंधरवड्यासारखंच हे, गेलेल्याशी वर्षातून एकदा उरलेलं बोलून घेण्याची सोय. पण त्या बाजारात जाता यावं म्हणून आपलं माणूस गेलंय हे आधी माहीत असावं लागतं. म्हाताऱ्याला तिथली वाटच नव्हती. आजीलाही त्या वर्षी पितृपंधरवड्यात भावाच्या नावाने घास ठेवता आला नाही.

मी झुएनला दोष देणार नाही. तिने ओझं स्वतः उचललं आणि किंमत स्वतः मोजली. आमच्यासारख्या घरांत मात्र बहुतेक वेळा ठरवणारे वेगळे असतात आणि रोज समोर बसून खोटं बोलणारी वेगळी असते. ठरवणाऱ्यांना आपण प्रेमळ वाटतो, कारण त्यांना राखी हातात घ्यावी लागत नाही. म्हणून 'सांगू नका' म्हणणाऱ्याने निदान एवढं तरी विचारावं, की हे सांभाळणार कोण, आणि किती दिवस.