मुशीतील सोने आणि मनुष्याचे शरीर

शास्त्रवाचन : मलाखी ३:१-३, योहान ९:१-३, १ करिंथ ६:१९-२०



दिल्लीच्या करोल बागेत सोन्याचांदीची मोठी पेठ आहे. सांगली जिल्ह्यातील विटा, खानापूर, आटपाडी या दुष्काळी मुलखातून पोटासाठी देशोदेशी गेलेले गलाई कामगार येथेही आले. जुने दागिने मुशीत वितळवून, हीण काढून सोने शुद्ध करणे हा त्यांचा धंदा. कणही वाया जाऊ नये म्हणून कारखान्यातील केरसुद्धा जपून ठेवतात.

मलाखी संदेष्ट्याने परमेश्वराला याच कारागिराची उपमा दिली आहे. तो भट्टीपाशी बसतो, अग्नी सोसवितो. परंतु जाळतो ते हीण, सोने नव्हे. व्यसनाची भट्टी याच्या अगदी उलट असते. ती सोने जाळते व हीण मागे ठेवते.

घरापासून दूर राहणाऱ्या तरुणाला सोबती म्हणतात, “एकदा घेऊन तर पाहा, गंमत आहे.” ही गंमत शरीर विसरत नाही. तंबाखू व सुपारी मुखाच्या कर्करोगास कारण होतात. महाराष्ट्र शासनाने २०१२ साली गुटख्यावर बंदी घातली, ती उगाच नव्हे. अफूचे सेवन कर्करोगकारक आहे, असा निर्णय जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २०२० साली दिला. स्वरयंत्र, फुप्फुस व मूत्राशय यांना त्यापासून धोका आहे. गांजाविषयी स्वीडन देशात १९६९-७० साली सैन्यभरतीस आलेल्या ४५,२५० तरुणांची माहिती पुढे सुमारे ४२ वर्षे तपासण्यात आली. ५० हून अधिक वेळा गांजा-चरस घेतल्याचे सांगणाऱ्यांत अंडकोषाच्या कर्करोगाचे प्रमाण सुमारे अडीच पट आढळले. एवढ्याने कारण सिद्ध झाले असे नव्हे. परंतु शहाण्याला इशारा पुरेसा असतो.

हा कर्करोग बहुधा ऐन तारुण्यात होतो आणि वेळीच ओळखला तर बहुतेक रुग्ण बरे होतात. मग घात कशाने होतो? लाजेने! न दुखणारी गाठ हाताला लागते. परंतु तरुण वडिलांना सांगत नाही, पत्नीला सांगत नाही, डॉक्टरांकडे जात नाही. नशेची गोष्ट उघड होईल, ही भीती त्याचे तोंड बांधते.

येथे मंडळीने स्वतःला तपासावे. जन्मांध मनुष्याला पाहून शिष्यांनी प्रथम विचारले, पाप कोणाचे? प्रभूने तो प्रश्न बाजूला सारला व त्या मनुष्याला दृष्टी दिली. कर्करोग झालेला प्रत्येक जण व्यसनी नसतो. आणि जो व्यसनी आहे, त्याच्यासाठीही ख्रिस्ताने तेच मोल दिले आहे. पौल करिंथकरांना शरीराच्या मालकीची आठवण देतो ती याचसाठी. ज्याचे मोल एवढे, ते गमतीखातर उधळू नये आणि लाजेखातर लपवूही नये.

तरुण बंधो, नशा आज सोड. गाठ, न भरणारी जखम अथवा लघवीत रक्त दिसले तर आजच डॉक्टरांना दाखव आणि काय घेत होतास तेही त्यांना सांग. आईबापहो, पाळकहो, तो बोलू लागला की आधी ऐका. सोनार केरातला कणही टाकत नाही. मग आपण देवाचे लेकरू कसे टाकावे?

तो शुद्ध करणारा प्रभू आपणा सर्वांस सांभाळो. आमेन.