देवघेवीच्या टेबलाशी चार लिप्या

सोलापूरच्या ग्रामदैवताने वचने रचली ती कन्नडात. बाराव्या शतकातल्या सिद्धरामेश्वरांच्या नावाने दर जानेवारीत गड्ड्याची यात्रा भरते, नंदीध्वज निघतात, आणि त्या गर्दीतल्या कितीतरी भक्तांना सिद्धरामांची वचने मूळ लिपीत वाचता येत नाहीत. त्यात कुणाला वावगेही वाटत नाही. पूर्व भागातल्या विणकरांच्या घरी तेलुगू, बाळीवेशीकडे कन्नड, नई जिंदगीत दखनी, आणि रस्त्यावर या सगळ्यांची मिळून एक सोलापुरी मराठी, जिच्यात 'बे' आल्याशिवाय वाक्य पुरे होत नाही. २०११च्या जनगणनेत साडेनऊ लाख भरलेल्या या शहरात बोलताना कुणाचे अडत नाही. अडते ते वाचायची वेळ आली की.

ही अडचण सगळ्यात आधी ज्याच्यासमोर येते, तो ग्रंथपाल. वाचनालयाच्या देवघेव टेबलामागे बसलेल्या या माणसाबद्दल मराठीत फारसे लिहिले जात नाही. लेखकांवर लिहितात, प्रकाशकांवर लिहितात, वाचनसंस्कृती लयाला गेल्याची हळहळ तर दर दिवाळीला ठरलेली. पण पुस्तक आणि वाचक यांच्यामध्ये जो बसतो, तो बहुधा 'कर्मचारी' या एका शब्दात आटोपला जातो.

त्याचे काम किती गुंतागुंतीचे आहे हे कपाटासमोर उभे राहिले की कळते. महाराष्ट्रातल्या अनेक ग्रंथालयांत अजून मेल्विल ड्युई या अमेरिकन ग्रंथपालाची १८७६ साली प्रसिद्ध झालेली दशांश पद्धत वापरतात. तिच्यात मराठी साहित्याचा क्रमांक ८९१.४६. उर्दूचा ८९१.४३९, म्हणजे हाताच्या अंतरावर. कन्नड मात्र ८९४.८१४ आणि तेलुगू ८९४.८२७. मधल्या जागेत कोण कोण? रशियन, हिब्रू, अरबी, तुर्की, हंगेरियन, फिनिश. साखर पेठेत आणि बाळीवेशीत भिंतीला भिंत लावून राहणारी माणसे कपाटात अशी अर्धे जग मध्ये घालून बसतात. भाषाकुलांच्या हिशेबाने ड्युईसाहेबांचे बरोबर आहे. सोलापूरच्या हिशेबाने नाही.

आणि क्रमांक ही झाली पुढची गोष्ट. एखाद्या घरातले वडीलधारे गेले की त्यांच्या पुस्तकांचा गठ्ठा वाचनालयात येतो. मुले-नातवंडे घरात तेलुगू बोलतात, पण लिपी त्यांना येत नाही; रद्दीत टाकायला मन धजत नाही म्हणून ती पुस्तके आणून देतात. आता दाखलनोंद वहीत शीर्षक काय लिहायचे? कन्नड आणि तेलुगू लिपी इतक्या सख्ख्या दिसतात की दोन्ही न येणाऱ्याला पुस्तक कोणत्या भाषेतले हेही चटकन सांगता येत नाही. मग शिकवणीहून येणाऱ्या वृद्ध मास्तरांना थांबवायचे, मुखपृष्ठ वाचून घ्यायचे, शीर्षक आणि लेखकाचे नाव देवनागरीत उतरवायचे, पाठीवर चिठ्ठी लावायची. हे केले तर पुस्तक कुणाच्या तरी हाती लागण्याची शक्यता. नाही केले, तर ते 'इतर भाषा' नावाच्या कपाटात जाते. सोलापुरात 'इतर' हा शब्द जरा जपूनच वापरायला हवा.

यावर एक सोपा तोडगा सुचतो: ज्या वस्तीत जो समाज, त्या वस्तीत त्या भाषेची पुस्तके. ऐकायला रास्त वाटते. पण या शहराच्या माणसांनी हे समीकरण कधीच धड बसू दिलेले नाही.

जयदेवीताई लिगाडे १९१२ साली सोलापुरात जन्मल्या. मातृभाषा कन्नड, शाळा मराठी. कन्नड वाचन-लेखन त्यांनी पुढे स्वतःच्या हिमतीवर कमावले, सिद्धरामेश्वरांवर कन्नडात पुराणकाव्य लिहिले, मराठीतही लिहिले, आणि १९७४ साली मंड्याच्या कन्नड साहित्य संमेलनाच्या त्या अध्यक्ष झाल्या. त्या संमेलनाच्या पहिल्या महिला अध्यक्ष महाराष्ट्रातल्या. लक्ष्मीनारायण बोल्लींची वाट उलटी. तेलुगू बोलणाऱ्या पद्मशाली समाजातला हा कवी मराठीत रमला, दोन्ही भाषांत येरझारा घालत राहिला आणि आत्मचरित्राला त्याने नाव दिले 'एका साळियाने'. फकरुद्दीन बेन्नूर यांचे आडनाव कन्नड मुलखातले, समाज मुसलमान, लिखाण मराठी. मुस्लिम वाचक म्हणजे उर्दूचे कपाट, असे मानणाऱ्या प्रत्येक ग्रंथपालाने एक तारीख ध्यानात ठेवावी: पहिले मुस्लिम मराठी साहित्य संमेलन १९९० साली भरले ते सोलापुरातच, आणि त्या चळवळीच्या मुळाशी बेन्नूर होते.

घरात बोलायची भाषा, डोळ्यांना सवय असलेली लिपी आणि मनातून वाचावीशी वाटणारी भाषा या तीन वेगळ्या गोष्टी आहेत. त्या एकाच माणसात तीन दिशांना तोंड करून असू शकतात. आडनावावरून पुस्तक काढून देणारा ग्रंथपाल म्हणूनच चुकतो, आणि 'आपल्याकडे सगळे मराठीच वाचतात' असे म्हणणाराही चुकतो. विचारावे लागते. रोज, प्रत्येकाला.

या विचारण्यातून काय घडू शकते याचा एक जुना दाखला न्यूयॉर्कचा आहे. हार्लेममधल्या १३५व्या रस्त्यावरच्या शाखेत अर्नेस्टिन रोझ या ग्रंथपाल होत्या. आसपास स्पॅनिश बोलणारी कुटुंबे वाढताहेत आणि आपल्याकडे त्यांच्याशी बोलणारे कुणी नाही, हे त्यांनी हेरले. १९२१ साली पुएर्तो रिकोहून आलेल्या पुरा बेलप्रे या तरुणीला तिथे नोकरी मिळाली. बेलप्रेबाईंनी कपाटे धुंडाळली तर आजीकडून ऐकलेल्या गोष्टींपैकी एकही पुस्तकात सापडेना. मग त्यांनी त्या मुलांना तोंडी सांगायला सुरुवात केली, दोन्ही भाषांत, आणि १९३२ साली त्यांतली एक गोष्ट पुस्तकरूपाने छापून आली. ज्या कपाटात जागा रिकामी दिसली, तिथे ठेवायचे पुस्तक ग्रंथपालाने स्वतः लिहिले. सोलापूरच्या तेलुगू आज्यांच्या गोष्टी कुठल्या कपाटात आहेत?

बरे, गोष्टी-कादंबऱ्यांपुरते हे असते तर एकवेळ चालून गेले असते. सोलापूरजवळ कुंभारीला विडी कामगार महिलांची दहा हजार घरांची वसाहत उभी राहिली. तिला गोदूताई परुळेकरांचे नाव आहे. वारल्यांच्या लढ्यावर 'जेव्हा माणूस जागा होतो' लिहिणाऱ्या लेखिकेच्या नावाची एवढी मोठी वसाहत दुसरीकडे क्वचितच असेल. नोंदणी झालेल्या विडी कामगारांच्या मुलांना केंद्राच्या श्रम खात्याकडून शिष्यवृत्ती मिळते. अर्ज ऑनलाइन. आता चित्र असे: आई तेलुगू बोलते आणि पान कापता कापता ऐकते, मुलगी मराठी वाचते, सूचनापत्रक इंग्रजी-हिंदीत, आणि ओळखपत्रावरचे नाव शाळेच्या दाखल्यावरच्या नावाशी जुळत नाही. पोरीला त्या क्षणी कादंबरी नको असते. कुठला कागद कुठल्या कचेरीत, हे सांगणारे माणूस हवे असते. सायबर कॅफेवाला पैसे घेऊन अर्ज भरून देतो, पण समजावून देत नाही.

सेटलमेंट वस्तीची कथा आणखी निराळी. इंग्रज सरकारने 'गुन्हेगार' ठरवलेल्या जमातींना सोलापुरात तारेच्या कुंपणात ठेवले होते. त्यांची हजेरी घेतली जाई, नोंदी ठेवल्या जात. त्यांना गुन्हेगार ठरवणारा कायदा ३१ ऑगस्ट १९५२ रोजी रद्द झाला. आज त्यांच्याच नातवंडांना जातीच्या दाखल्यासाठी २१ नोव्हेंबर १९६१च्या आधीचा पुरावा मागितला जातो. म्हणजे सरकारने ज्यांची इतकी दप्तरे लिहिली, त्यांनीच आता आपण अमुक जमातीचे असल्याचा कागद शोधत हिंडायचे. जुना शाळा-रजिस्टरचा उतारा, महसुली नोंद, जुनी दप्तरे कुठे मिळतील हे जाणणारा ग्रंथपाल अशा घराला वकिलाइतका उपयोगी पडू शकतो. माहितीच्या अधिकाराच्या २००५च्या कायद्यात, कलम ४ मध्ये, सरकारी माहिती पसरवताना स्थानिक भाषेचा विचार करावा असे स्पष्ट म्हटले आहे. कर्नाटकाच्या सीमेवरच्या अक्कलकोट तालुक्यात ही स्थानिक भाषा कोणती धरायची, याचा निवाडा कायदा करत नाही.

१९६७ हे साल या दृष्टीने मोठे मजेशीर. जानेवारीत बालभारतीची स्थापना झाली. पुढे तिने मराठीबरोबर उर्दू, कन्नड, तेलुगू, गुजराती, सिंधी अशा भाषांतही पाठ्यपुस्तके छापली. त्याच वर्षी सीमाप्रश्नावरच्या महाजन आयोगाने आख्खा अक्कलकोट तालुका आणि दक्षिण सोलापुरातली काही गावे कर्नाटकाला द्यावीत अशी शिफारस केली, जी महाराष्ट्राने फेटाळली. आणि त्याच वर्षी महाराष्ट्र सार्वजनिक ग्रंथालय अधिनियम झाला, १ मे १९६८ पासून लागू. म्हणजे राज्याने सीमेवरची गावे आपली मानली, त्या गावांतल्या मुलांसाठी कन्नड पुस्तके छापली, आणि ग्रंथालयांचा कायदाही केला. फक्त शाळा सुटल्यावर त्या मुलाने कन्नडात काय वाचायचे, हा धागा तिन्हींमधून निसटला.

त्या कायद्याने ग्रंथालये सरकारी केली नाहीत. संस्थांनी चालवायची, सरकारने अनुदान द्यायचे, अशी रचना ठेवली. त्यामुळे महाराष्ट्राच्या गावोगावच्या वाचनालयांचा जुना स्वयंसेवी बाज टिकला, हे मान्यच करायला हवे. शेजारच्या कर्नाटकाने १९६५च्या कायद्यात ग्रंथालय कर ठेवला, महाराष्ट्राने ठेवला नाही. इथे अ, ब, क, ड अशा श्रेणी आहेत, आणि त्या ठरतात पुस्तके किती, नियतकालिके किती, सभासद किती यांवर. कोणत्या भाषेचा वाचक रिकाम्या हाताने परत गेला, हे मोजणारा रकाना तपासणीच्या कागदात नाही. जे मोजले जात नाही ते करण्याची सक्ती नाही, आणि सक्ती नसताना करणाऱ्याला मिळते काय?

'ड' वर्गाच्या ग्रंथालयाचे वार्षिक अनुदान करोनानंतरच्या ६० टक्के वाढीने ३० हजारांवरून ४८ हजार झाले. त्यातला निम्मा भाग वेतनाचा धरला तर ग्रंथपालाच्या वाट्याला महिन्याला दोन हजार रुपये आले. याच माणसाने चार लिप्या ओळखाव्यात, दाखले कुठे मिळतात ते सांगावे, वर्गीकरण करावे आणि संध्याकाळी दिवेही मालवावेत. १९७०च्या दशकात व्यंकप्पा पत्की समितीने या कर्मचाऱ्यांना वेतनश्रेणी द्यावी असे सुचवले. मागणी अजून निवेदनांतच फिरते आहे. अशा पगारात जो टिकतो तो एकतर फार वेडा असतो किंवा त्याचे घर दुसऱ्या कशावर तरी चालते. सोलापूर जिल्ह्यात दोन्ही प्रकार भेटतात. मोठ्या ग्रंथालयांत स्थिती बरी आहे, पण तिथली अभ्यासिका स्पर्धा परीक्षांच्या मुलांनी इतकी भरलेली असते की ग्रंथपालाचा निम्मा दिवस खुर्च्यांच्या तंट्यात जातो.

पैशाविना होण्याजोगेही काही आहे. वाचकांच्या मागणीची वही बहुतेक ठिकाणी असते. तिच्यात वाचकाने पुस्तकाचे नाव लिहायचे. त्यासाठी नाव माहीत हवे आणि लिहिता यायला हवे. ती वही ग्रंथपालाने स्वतःच्या हाताने भरली, 'तेलुगूत मोठ्या अक्षरातले काही आहे का, आईसाठी' असे जे तोंडी विचारले जाते ते तस्से उतरवले, तर वर्षअखेरीस कार्यकारी मंडळासमोर ठेवायला त्याच्याकडे काहीतरी असेल. कारण खरेदीची यादी तिथे ठरते, आणि अनुदान मार्चच्या आत खर्ची पडले पाहिजे या घाईत ठरते. ओळखीचा विक्रेता, ठरलेली सूट, पुण्या-मुंबईच्या प्रकाशनांचे गठ्ठे. पुणे सोलापूरपासून अडीचशे किलोमीटर. विजापूर शंभर, कलबुर्गी त्याहून थोडे जास्त. कन्नड पुस्तकांची दुकाने मराठीच्या मोठ्या पेठेपेक्षा निम्म्याहून कमी अंतरावर आहेत, सकाळच्या एसटीने निघाले तर संध्याकाळी पुस्तके घेऊन परत येता येते. तेलुगूसाठी हैदराबाद गाठावे लागते, पण पूर्व भागातून हैदराबादकडे रोज चादरी आणि टॉवेलांचा माल जातो. परतीच्या गाडीत पुस्तकांचे एक खोके सहज मावेल. भाड्याचे बिल कुठल्या खात्यात टाकायचे, एवढे मंडळाने ठरवावे.