नावाचा सातबारा

ऑक्टोबर २०२४ मध्ये ‘जिओहॉटस्टार डॉट कॉम’ हा पत्ता टाकला की सिनेमाऐवजी एक पत्र उघडायचं. लिहिणारा दिल्लीचा एक तरुण सॉफ्टवेअर डेव्हलपर. आयपीएलचं ऑनलाइन प्रक्षेपण हॉटस्टारच्या हातून गेलं आणि प्रेक्षक घटू लागले, तेव्हाच त्याने ताडलं होतं की ही कंपनी कुणाच्या तरी पदरात पडणार. रिलायन्स जिओने सावन ही गाण्यांची सेवा घेतल्यावर तिचं जिओसावन झालं, तसं हॉटस्टारचंही जिओहॉटस्टार होईल. नाव मोकळं दिसलं, त्याने २०२३ मध्येच नोंदवून टाकलं. आता रिलायन्सने ते घ्यावं आणि बदल्यात आपल्या केंब्रिजच्या शिक्षणाचा खर्च उचलावा, एवढीच त्याची विनंती. पुढे ते नाव दुबईतल्या दोन शाळकरी भावंडांनी विकत घेतलं आणि अखेर रिलायन्सला फुकट देऊन टाकलं. फेब्रुवारी २०२५ मध्ये त्याच नावाची सेवा सुरूही झाली.

दरम्यान समाजमाध्यमांवर लोक परस्पर निकाल लावून मोकळे झाले होते. एका गटाचं म्हणणं, पोराने डोकं लढवलं, पैसे भरले, पहिला आला, मालक तोच. दुसऱ्याचं म्हणणं, ‘जिओ’ कंपनीचा, ‘हॉटस्टार’ कंपनीचा, म्हणजे ही सरळ चोरी. दोघं एकमेकांच्या उरावर बसले होते, पण दोघांचं गृहीतक एकच: नाव ही मालमत्ता आहे, प्रश्न फक्त मालक कोण एवढाच. माझ्या मते घोळ या गृहीतकातच आहे. डोमेनच्या नावांभोवती गेल्या तीस वर्षांत जो कायदा उभा राहिला, तो मुळात मालकी ठरवायला आलाच नव्हता. लोकांची फसवणूक रोखायला आला होता.

सातबाऱ्यावर नाव चढलं की जमीन आपली झाली, असं आपल्याकडे समजतात. वकील मात्र बजावतो की बाबा, ही महसुली नोंद आहे, मालकीचा अंतिम पुरावा नव्हे. डोमेनची नोंद तर त्याहून कच्ची. ती काही वर्षांपुरती असते आणि फी थकली की जाते. शिवाय नोंदणी करताना ज्या करारावर आपण न वाचता टिचकी मारतो, त्यात एक हमी आपल्याच तोंडून वदवून घेतलेली असते: माझ्या माहितीप्रमाणे या नावाने दुसऱ्या कुणाच्या हक्कावर गदा येत नाही. ही खात्री करण्याची जबाबदारीही नोंदवणाऱ्याचीच. ‘कंपनीने विकलं, म्हणजे कायदेशीर असणारच’ हा युक्तिवाद तिथेच संपतो.

आरंभीचा इतिहास भराभर सांगता येतो, कारण त्याबद्दल फारसा वाद नाही. १९९५ पर्यंत नावं फुकट मिळत. जोशुआ क्विटनर या पत्रकाराने १९९४ मध्ये मॅकडोनाल्ड्सचं नाव स्वतःकडे नोंदवलं आणि ‘वायर्ड’मध्ये त्याची गंमत लिहिली. मग गंमत संपून धंदा सुरू झाला. अमेरिकेत डेनिस टोपेन याने पॅनाव्हिजनचं नाव घेतलं आणि त्यावर इलिनॉयमधल्या ‘पाना’ गावाची हवाई छायाचित्रं टाकून ठेवली, म्हणजे विचारलं तर सांगायला कारण हवं! कंपनीकडे त्याने मागितले १३,००० डॉलर. १९९८ मध्ये तो अपिलात हरला. त्याच वर्षी इंग्लंडमध्ये मार्क्स अँड स्पेन्सरसारख्यांची नावं साठवणारे हरले. १९९९ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने ‘याहूइंडिया’ला मनाई केली. इंटरनेट वापरणारा माणूस शिकलेला असतो, तो फसत नाही, आणि ‘आमचा याहूशी संबंध नाही’ अशी पाटी लावली की झालं, हे दोन्ही बचाव तिथे टिकले नाहीत. मुंबईत ‘रेडिफ’च्या स्पेलिंगमध्ये एकच अक्षर बदलून ‘रॅडिफ’ करणाऱ्यांचीही तीच गत झाली.

खरं वळण २००४ चं, आणि तेच सर्रास चुकीचं वाचलं जातं. सत्यम इन्फोवे कंपनीने स्वतःच्या नावातली अक्षरं जुळवून ‘सिफी’ हा शब्द घडवला आणि १९९९ मध्ये ‘सिफीनेट’ वगैरे नावं नोंदवली. २००१ मध्ये दुसऱ्या एका कंपनीने एक ‘एफ’ वाढवून जवळजवळ तेच नाव घेतलं. बेंगळुरूच्या दिवाणी न्यायालयाने मनाई दिली, कर्नाटक उच्च न्यायालयाने ती उठवली आणि सर्वोच्च न्यायालयाने पुन्हा लावली. डोमेनच्या नावात ट्रेडमार्कचे सगळे गुणधर्म असू शकतात, हे त्या निकालातलं सूत्र. तेव्हापासून कंपन्यांच्या नोटिशीत ते मंत्रासारखं येतं, आणि अर्थ असा लावला जातो की ट्रेडमार्क ज्याचा, त्याचा तो शब्द इंटरनेटवर सर्वत्र.

निकाल मात्र तेवढ्यावर थांबलेला नाही. ट्रेडमार्क आणि डोमेन यांतला फरक न्यायालयाने मुद्दाम उलगडला. एकच ट्रेडमार्क वेगवेगळ्या देशांत वेगवेगळ्या लोकांकडे असू शकतो, डोमेन मात्र साऱ्या जगात एकाचंच. डोमेनसाठी भारतात वेगळा कायदा नव्हता, म्हणून न्यायालयाने ‘पासिंग ऑफ’चा जुना दावा हाताशी घेतला, म्हणजे आपला माल दुसऱ्याचा म्हणून खपवण्याविरुद्धचा. त्यात तपासायच्या गोष्टी तीन: वादीने नाव कमावलंय का, प्रतिवादीमुळे लोकांची दिशाभूल होते का आणि त्यातून नुकसान संभवतं का. इथे आधी विचारात घेतला जातो तो अर्धवट आठवणीवर नाव टाइप करणारा साधा माणूस. दिशाभूल जाणूनबुजून केलेली असलीच पाहिजे असंही नाही.

आणि तरीही न्यायालयाने प्रतिवादीच्या सचोटीची झडती घेतलीच. हे नाव कुठून आलं, या प्रश्नावर उत्तर मिळालं की आमच्या पाच प्रवर्तकांच्या नावांची ही आद्याक्षरं आहेत. न्यायालयाला ते पटलं नाही. ‘सिफी’चं नाव आधीच झालेलं असताना नेमकी हीच अक्षरं जुळून यावीत, हा योगायोग त्यांच्या गळी उतरला नाही. मालकी हाच मुद्दा असता, तर ही कहाणी ऐकून घेण्याची तरी काय गरज होती?

शंका असेल त्याने त्याच वर्षीचा अमेरिकेतला निकाल शेजारी ठेवून पाहावा. उझी निसान या गृहस्थाने १९९४ मध्ये आपल्या संगणकाच्या दुकानासाठी ‘निसान डॉट कॉम’ घेतलं होतं. आडनाव त्याचं स्वतःचं, आणि त्या नावाने तो १९८० पासून धंदा करत होता. मोटार कंपनीने १९९९ मध्ये एक कोटी डॉलरचा दावा लावला. अपील न्यायालयाने २००४ मध्ये त्याच्या संकेतस्थळावरच्या मोटारींच्या जाहिराती आक्षेपार्ह ठरवल्या, कारण तिथे गिऱ्हाईक चकत होतं. पण कंपनीवर टीका करण्याचा त्याचा हक्क राखला. एवढी बलाढ्य कंपनी, पण ते नाव तिला मिळालं नाही. म्हणजे जगप्रसिद्ध ट्रेडमार्क जसाच्या तसा वापरणारा माणूस तरला आणि एक अक्षर वाढवणारी कंपनी बुडाली. मालकीच्या तर्काने ही जोडी कधीच उलगडत नाही. फसवणूक कुठे होते आणि नाव घ्यायला स्वतःचं कारण होतं का, असं विचारलं की लगेच उलगडते.

इंटरनेटवरच्या नावांचा जागतिक कारभार पाहणाऱ्या आयकॅन या संस्थेचं १९९९ चं तंटा-धोरणही याच धर्तीचं आहे. नाव फसण्याइतकं सारखं, घेणाऱ्याचा त्यात रास्त संबंध नाही, आणि नोंदणी व वापर दोन्ही बदहेतूने, हे तिन्ही सिद्ध करावं लागतं. आपल्या ‘डॉट इन’च्या धोरणात शेवटच्या अटीतल्या ‘व’च्या जागी ‘किंवा’ आहे, त्यामुळे सरळ मनाने घेतलेलं नाव पुढे वाकड्या कामाला लावलं तरी जाऊ शकतं. नुसतं घेऊन ठेवलंय, वापरलं कुठे, ही सबबही आयकॅनच्या तंट्यांत २००० पासूनच लंगडी पडली आहे. मूळ हक्कदारालाच चढ्या भावाने विकण्यासाठी घेतलेलं नाव हा तर बदहेतूचा लिखित नमुना. सहसा ट्रेडमार्कच्या आधी नोंदवलेल्या नावाला संरक्षण मिळतं, पण होऊ घातलेल्या विलीनीकरणाचा वास घेऊन नोंदवलं असेल तर मिळत नाही. त्या दिल्लीच्या तरुणाने प्रांजळपणे लिहिलेलं पत्र लवादापुढे गेलं असतं, तर प्रतिपक्षाला वेगळा पुरावा शोधावा लागला नसता.

याचा अर्थ कंपन्या नेहमी बरोबर असतात असा नाही. टाटांनी ‘टर्टल विरुद्ध टाटा’ या खेळावरून ग्रीनपीसला कोर्टात खेचलं. टाटांचा सहभाग असलेल्या धामरा बंदरामुळे कासवांवर येणाऱ्या संकटाकडे तो खेळ बोट दाखवत होता. दिल्ली उच्च न्यायालयाने २०११ मध्ये मनाई नाकारली. ट्रेडमार्क हे टीकाकाराचं तोंड बंद करायचं हत्यार नव्हे, असा त्या निकालाचा रोख आहे. बळाच्या जोरावर दुसऱ्याचं रास्त नाव लाटायला येणाऱ्या तक्रारदारावर ठपका ठेवण्याची सोय आयकॅनच्या नियमांतही आहे. पण नोटीस आल्यावर वकिलाची फी परवडत नाही म्हणून नाव सोडून देणाऱ्या छोट्या दुकानदाराला ती सोय कोण सांगणार?

मालमत्तेच्या भाषेचं सर्वांत मोठं नुकसान आणखी वेगळं आहे. अमूलच्या नावाने बनावट संकेतस्थळं काढून, डीलरशिप देतो म्हणून लोकांकडून अनामत रकमा उकळल्या गेल्या, आणि २०२० मध्ये ते प्रकरण दिल्ली उच्च न्यायालयात गेलं. अशा दाव्यांत वादी असते कंपनी, प्रतिवादी बहुधा अज्ञात, म्हणून कागदावर ‘अशोक कुमार’. मनाई होते, संकेतस्थळ बंद पडतं, कंपनीचं नाव सुरक्षित राहतं. पार्लर काढायच्या आशेने ज्याने पैसे भरले, तो मात्र दाव्यात पक्षकारही नसतो. ज्याच्या फसवणुकीच्या भीतीवर हा सगळा कायदा उभा राहिला, त्याला आपले पैसे परत मागायला वेगळ्या दारात जावं लागतं. नाव कुणाचं यावर कितीही भांडा, त्याची रक्कम त्यातून परत येत नाही.